भाषांतराचं कोटेशन आणि एक फोन

जर्मन भाषांतराचं कोटेशन आलं आणि मॅनेजर थेट माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. आकडा मागच्या वेळेच्या जवळजवळ तिप्पट. मशीन तेच, मॅन्युअल तेच, एजन्सीही तीच.

चाकणजवळ आमची पॅकेजिंग मशीनं बनतात. युरोपात मशीन विकायचं तर युरोपीय संघाच्या २००६/४२/ईसी या यंत्रांविषयीच्या निर्देशानुसार त्या देशाच्या भाषेतलं मॅन्युअल सोबत द्यावंच लागतं. भाषांतर अडलं की मशीन अडतं.

आम्ही नुकताच सगळा मजकूर फ्रेममेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून डिटामध्ये, म्हणजे मजकुराचे छोटे टॉपिक करून त्यांना टॅग लावायच्या एक्सएमएल पद्धतीत, आणला होता. वरून हुकूम होता की आणतानाच भाषाही सुधारून घ्या, दोनदा खर्च नको. हा हुकूम देणाऱ्यांनी आयुष्यात एकही मॅन्युअल भाषांतराला पाठवलेलं नव्हतं.

बंगळुरूला मॅन्युअल लिहिणाऱ्यांच्या एका परिषदेत चहाच्या रांगेत एक ताई भेटल्या होत्या. मूळच्या सोलापूरच्या, वैद्यकीय उपकरणांची मॅन्युअल्स करतात, आणि ती पुष्कळ भाषांत जातात. त्यांना फोन लावला.

"मजकूर बदललाय की नुसता फॉरमॅट?"

"दोन्ही."

"मग आधी ते दोन्ही वेगळे करा."

एजन्सी दर ठरवते ते ट्रान्सलेशन मेमरीवरून. तिच्यात मूळ वाक्य आणि त्याचं मंजूर भाषांतर जोडीनं साठवलेलं असतं. वाक्य तंतोतंत जुळलं तर जवळजवळ फुकट, थोडं वेगळं असेल तर कमी दर, नवं असेल तर पूर्ण दर. पण जुळणं फक्त शब्दांचं नसतं. 'स्टार्ट' बटणाचं नाव पूर्वी नुसतं ठळक होतं, आता ते यूआयकंट्रोल टॅगमध्ये, म्हणजे 'हे बटण आहे' असं सांगणाऱ्या खुणेत, गेलं. माणसाला वाक्य तेच दिसतं, पण टॅग वेगळा म्हणून मेमरी जुळणीचे गुण कापते; याला टॅग पेनल्टी म्हणतात. शिवाय फ्रेममेकरमध्ये ओळ नीट बसावी म्हणून कुणीतरी जागोजागी शिफ्ट-एंटर मारून ठेवलेले. तिथे एका वाक्याचे दोन अर्धवट तुकडे मेमरीत बसलेले, आणि डिटामधलं अखंड वाक्य त्यांच्याशी कुठूनही जुळेना.

ताईंनी क्रम सांगितला. जुना, छापून गेलेला इंग्रजी मजकूर एक अक्षरही न बदलता डिटामध्ये घ्यायचा. जुनं जर्मनही तसंच घ्यायचं. दोन्ही वाक्यागणिक समोरासमोर लावून मेमरी नव्यानं भरायची. सुधारलेला मजकूर त्यानंतर पाठवायचा. आम्ही तेच केलं. जुळवणीचं काम अतिशय कंटाळवाणं, पण नवं कोटेशन जुन्या आकड्याच्या आसपास आलं. ज्या वाक्यांत आम्ही खरोखर बदल केला होता, तेवढ्याचेच पैसे वाढले.

एजन्सीला हे ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. विचारलं तर म्हणाले, तुम्ही मागितलं नाहीत. याचा राग अजून गेलेला नाही.

आणि ताईंना हे कसं ठाऊक? त्यांच्या कंपनीनं याच चुकीचे पैसे आधी मोजले होते. ते त्या कुठे लिहू शकत नाहीत, गोपनीयतेचा करार आहे. आमच्या धंद्यातलं कामाचं ज्ञान असं कंपन्यांच्या कुलपात पडून असतं आणि समोरासमोर भेटल्यावरच बाहेर येतं. ज्या सत्रासाठी मी बंगळुरूला गेले होते, त्याचं रेकॉर्डिंग नंतर मिळालं. ही ओळख रेकॉर्डिंगमधून झाली नसती. १९५३पासूनची अमेरिकेतली एसटीसी (सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन) ही तांत्रिक लेखकांची संस्था जानेवारी २०२५मध्ये दिवाळखोरीत बंद झाली. तिची शाखा भारतातही होती. भेटायची एवढी जुनी जागा गेली याचं मला खरंच वाईट वाटलं. जर्मनीतली टेकॉम ही तशीच संस्था दर नोव्हेंबरमध्ये श्टुटगार्टला मोठी परिषद भरवते, पण आमच्या बजेटमध्ये तो विषयही निघत नाही.

मागच्या आठवड्यात ताईंचा फोन आला. पीएलसीमधली, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमधली, अलार्मची यादी आम्ही मॅन्युअलमध्ये आपोआप कशी आणतो, हे त्यांना हवं होतं. मी थबकले. ते काम करणारी स्क्रिप्ट कंपनीची आहे. शेवटी पद्धत सविस्तर सांगितली: यादी कशात काढायची, कॉलम कसे ठेवायचे, अलार्मचा क्रमांक हाच टॉपिकचा आयडी का करायचा. फाइल दिली नाही. ही रेष मी माझ्या मनानंच आखली. ऑफिसात विचारलं असतं तर काहीच सांगू नका असं उत्तर आलं असतं, आणि ताईंच्या ऑफिसनंही त्यांना तेच सांगितलं असतं.