पर्लची सर्व्हर लायब्ररी डेबियनमध्ये नेताना

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आवृत्ती ११ वरून १२ वर गेलेल्या एका मशीनवर आमची सेवा सुरूच होईना. लॉगमध्ये एकच तक्रार: ती ज्या पर्ल मॉड्यूलवर (तयार कोडच्या गठ्ठ्यावर) चालते, ते सापडत नाही. कारण साधं होतं. सीपॅनवरून (पर्ल मॉड्यूल्सच्या सार्वजनिक साठ्यावरून) थेट बसवलेली मॉड्यूल्स डेबियनमध्ये यूएसआर-लोकलखालच्या अशा फोल्डरमध्ये जातात, ज्याच्या नावातच पर्लची आवृत्ती असते. डेबियन ११ मध्ये पर्ल ५.३२ होतं, १२ मध्ये ५.३६ आलं. नव्या पर्लने जुन्या फोल्डरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एपीटीने (डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने) आलेली शुद्ध पर्लमधली पॅकेजेस मात्र आवृत्ती नसलेल्या सामाईक जागी बसतात, त्यामुळे ती शाबूत होती. दर अपग्रेडला हाताने मॉड्यूल बसवत बसण्यापेक्षा त्याचं रीतसर पॅकेज करून डेबियनमध्येच द्यावं, असं मी ठरवलं.

हे मॉड्यूल नेट::सर्व्हर या तयार लायब्ररीवर उभं आहे. पर्लमध्ये नेटवर्क सेवा लिहिणाऱ्यांना नेट::सर्व्हर ओळखीचं असेल. म्युनिनचा नोड (देखरेख), पोस्टग्रे (स्पॅम अडवणं), स्टारमन (वेब सर्व्हर) हे सगळे त्याच्याच जिवावर चालतात. पोर्ट उघडणं, फोर्क करणं (स्वतःच्या प्रती काढणं), रूटचे अधिकार सोडणं ही कटकट ते सांभाळतं आणि प्रत्येक टप्प्यावर आपला कोड घुसवायला हुक देतं. आमच्या मॉड्यूलमध्ये त्यावर प्रोटोकॉलचा थर आणि टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) आहे, एवढंच.

पॅकेज ‘तयार’ व्हायला फार वेळ लागत नाही. डीएच-मेक-पर्ल हे साधन चालवलं की मॉड्यूलची माहिती असलेली मेटा फाइल वाचून पॅकेजला लागणाऱ्या कंट्रोल, रूल्स, वॉच या फाइली, सगळं समोर येतं. रूल्स फाइल तर दोन-तीन ओळींची. हे पॅकेज मी करतोय अशी नोंद, म्हणजे आयटीपी, डेबियनच्या बग नोंदवहीत आधी टाकायची. नाव ठरलेल्या साच्यातलं: पुढे लिब, शेवटी पर्ल. खरं काम यानंतर सुरू होतं.

सगळ्यात जास्त वेळ टेस्टनी खाल्ला. सर्व्हरच्या लायब्ररीची टेस्ट म्हणजे सर्व्हर उभा करून त्याच्याशी बोलणं. डेबियनच्या धोरणात मात्र स्पष्ट लिहिलंय की बिल्ड (सोर्समधून पॅकेज बनवणं) चालू असताना लूपबॅक (मशीनचं स्वतःशीच बोलणं) सोडून नेटवर्कला हात लावायचा नाही. आमची एक टेस्ट बाहेरच्या जगातलं डोमेन नाव शोधत होती. माझ्या लॅपटॉपवर ती दर वेळी पास, एसबिल्ड या बिल्डच्या साधनाच्या बंद खोलीत नापास. ती वगळायची सोय केली. दुसरी अडचण पोर्टची. टेस्टनी २०२०३ हा नेट::सर्व्हरचा डीफॉल्ट पोर्ट गृहीत धरला होता. त्या मशीनवर आधीच कोणी तिथे बसलं असेल तर सगळंच कोसळणार. म्हणून पोर्ट शून्य मागायचा, म्हणजे कर्नल मोकळा असेल तो देतो, आणि पोर्ट बांधल्यावर चालणाऱ्या हुकमधून तो आकडा टेस्टला कळवायचा. लायब्ररी हुकवाली असल्याचा मला झालेला हा पहिला थेट फायदा!

तिसरी अडचण मला मनापासून आवडली. टीएलएसच्या टेस्टसाठी मूळ लेखकाने एक प्रमाणपत्र आणि खाजगी किल्ली फाइलींमध्येच ठेवली होती. पण डेबियनची स्थिर आवृत्ती एलटीएस (दीर्घकालीन आधार) धरून ५ वर्षं चालते आणि त्या काळात सुरक्षेची दुरुस्ती आली तर पॅकेज पुन्हा बिल्ड करावं लागतं. प्रमाणपत्राची मुदत तोवर संपलेली असणार. म्हणजे कोडमध्ये काहीही न बिघडता बिल्ड मोडणार. आता टेस्ट सुरू होताना ओपनएसएसएलकडून ताजं प्रमाणपत्र करून घेतलं जातं.

अवलंबनांवरून स्पॉन्सरशी बरीच चर्चा झाली. (मला अपलोडचे अधिकार नाहीत, त्यामुळे अधिकार असलेल्या कोणीतरी पॅकेज तपासून चढवावं लागतं.) नेट::सर्व्हर ‘डिपेंड्स’मध्ये (म्हणजे हवंच), यात वाद नाही. टीएलएसचं मॉड्यूल कुठे? त्यावाचूनही लायब्ररी चालते, पण आजच्या काळात टीएलएस नको असणारा विरळाच. एपीटी ‘रेकमेंड्स’ आपोआप बसवतं, म्हणून ते तिथे. मल्टिप्लेक्स पद्धत (एकाच प्रक्रियेत अनेक जोडण्या सांभाळणं) फार थोडे वापरतात, तिचं मॉड्यूल ‘सजेस्ट्स’मध्ये (नुसती सूचना).

मूळ गठ्ठ्यात एक नमुना डीमनही (पार्श्वभूमीत चालणारी सेवा) होता. त्याला सिस्टमडीची युनिट फाइल (सेवा आपोआप सुरू करणारी) जोडावी का, असा प्रश्न आला. मी ठाम नाही म्हटलं. डेबियनमध्ये सेवेचं पॅकेज बसलं की ती सहसा लगेच सुरूही होते. लायब्ररी बसवणाऱ्याच्या मशीनवर न मागता पोर्ट उघडणं मला पटत नाही. तो नमुना उदाहरणांच्या फोल्डरमध्ये गेला.

कॉपीराइट फाइल हे कंटाळवाणं काम, पण नव्या पॅकेजच्या रांगेत तपासणारे नेमकं तेच बारकाईने पाहतात. परवान्यातल्या ‘पर्लच्याच अटींवर’ या वाक्याचा अर्थ आर्टिस्टिक किंवा जीपीएल, आवृत्ती १ आणि पुढच्या. ते सोपं. टेस्टच्या फोल्डरमधली एक सहायक फाइल मात्र दुसऱ्याच माणसाची निघाली, तिची नोंद वेगळी करावी लागली. त्यासाठी एकूण एक फाइलचा माथा वाचण्यावाचून गत्यंतर नाही. पॅकेजमधल्या चुका शोधणारं लिंटियन बरंच काही पकडतं, हे पकडत नाही.

रांगेत किती थांबावं लागेल हे कोणी सांगू शकत नाही, आणि विचारण्यातही अर्थ नाही. पॅकेज स्वीकारलं गेल्यावर एक गंमत कळते: रांगेसाठी बायनरीसकट चढवलेलं पॅकेज तसंच टेस्टिंगमध्ये (पुढच्या स्थिर आवृत्तीच्या तयारीत) सरकत नाही. फक्त सोर्स पुन्हा अपलोड करावा लागतो, म्हणजे बायनरी डेबियनच्या स्वतःच्या बिल्ड मशीनवर बनते. त्यानंतर ऑटोपीकेजीटेस्ट (बसवलेल्या पॅकेजची आपोआप होणारी चाचणी) हिरवी झाली आणि काही दिवसांत पॅकेज टेस्टिंगमध्ये पोचलं.

पोर्टचा आणि प्रमाणपत्राचा पॅच मूळ लेखकाने घेतला आहे, पुढच्या आवृत्तीत ते दोन्ही माझ्याकडून काढून टाकता येतील. डोमेन नावाची टेस्ट त्यांना तशीच हवी आहे. तो पॅच मीच सांभाळणार.