मला तो आवडतो

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहे, आणि असे विचारणारे तुम्ही पहिले नाही. मी ट्रान्स पुरुष आहे. जन्माच्या वेळी माझी नोंद मुलगी म्हणून झाली आणि आज मी पुरुष म्हणून जगतो. मला पुरुष आवडतात. एवढे कळले की प्रश्न येतो: "मग तुम्हाला समलिंगी म्हणायचं की भिन्नलिंगी?" बहुतेक जण तिथे थांबत नाहीत. थोडे घुटमळून पुढचेही विचारतात: "आणि पुरुषच आवडत होते, तर एवढा खटाटोप कशासाठी केलात?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे: समलिंगी. बोलताना मी 'गे' म्हणतो. लैंगिक कलाचे नाव ठरवताना माणसाचा स्वतःचा लिंगभाव, म्हणजे तो स्वतःला स्त्री मानतो, पुरुष की आणखी काही, ते धरायचे असते, जन्मदाखल्यावरची नोंद धरायची नसते. म्हणून पुरुषांकडे ओढा असलेली ट्रान्स स्त्री भिन्नलिंगी ठरते, स्त्रियांकडे ओढा असलेली ट्रान्स स्त्री लेस्बियन ठरते, आणि स्त्रीवर प्रेम करणारा ट्रान्स पुरुष इतर कोणत्याही भिन्नलिंगी पुरुषाइतकाच भिन्नलिंगी असतो.

हे पटायला जड जाते, याचे कारण आपण या नावांना ओढीची नावे समजतो. वास्तविक ती दोन माणसांच्या तुलनेची नावे आहेत, आणि मला हे मराठीनेच शिकवले. पूर्वी मी 'गेले', 'आले', 'म्हणाले' असे बोलत असे. ते 'गेलो', 'आलो', 'म्हणालो' असे करताना जीभ कित्येक महिने अडखळत होती; फोनवर सवयीने 'निघते' म्हणून मी घाईघाईने 'निघतो' अशी दुरुस्ती केली की पलीकडे क्षणभर शांतता पसरायची. माझ्याविषयीची जवळजवळ सगळी क्रियापदे मला अशी नव्याने घडवावी लागली. एक मात्र तसेच राहिले. 'मला तो आवडतो' या वाक्यात क्रियापद आवडणाऱ्या माणसाच्या लिंगाप्रमाणे चालते आणि बोलणाऱ्याचे लिंग त्यात कुठेच उमटत नाही. सतराव्या वर्षी वहीच्या शेवटच्या पानावर मी हे वाक्य लिहिले होते (आणि नंतर ते पान फाडले होते). आज तेच पुन्हा लिहिले, तर त्यात काना-मात्रेचाही फरक पडणार नाही. तेव्हा त्या वाक्याला कोणी काही नाव दिले नव्हते, कारण मुलीला मुलगा आवडणे याला कोणी नाव देत नाही. आता त्याच वाक्यासाठी मी समलिंगी ठरतो. ओढ होती तिथेच आहे, ओढ वाटणाऱ्याची ओळख मात्र सर्वांसमोर आली आहे.

खटाटोपाचा प्रश्न अधिक टोचतो, कारण त्यात एक गृहीतक दडलेले असते: लिंगभावाची वाट धरायची ती शेवटी 'योग्य' जोडीदार मिळावा म्हणून. डॉक्टरांचेही असेच गृहीतक होते. लू सलिव्हन या अमेरिकी ट्रान्स पुरुषाला पुरुष आवडत आणि त्याने ते लपवले नाही, म्हणून १९७०च्या दशकात त्याला उपचार नाकारले गेले; खरा ट्रान्स पुरुष स्त्रियांवरच प्रेम करील, असे तेव्हाच्या तज्ज्ञांचे मत होते. सलिव्हनने पुढे आपल्या शस्त्रक्रिया करून घेतल्या, १९८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ट्रान्स पुरुषांसाठी गट उभा केला, आणि हा निकषच काढून टाकावा म्हणून तज्ज्ञांशी पत्रव्यवहार केला. १९९१ मध्ये एड्सने त्याचा मृत्यू झाला. त्याने अशा आशयाचे लिहून ठेवले आहे: समलिंगी पुरुष म्हणून जगता येणार नाही असे ज्यांनी मला सांगितले, त्यांना मी समलिंगी पुरुष म्हणून मरतो आहे हे कळवताना समाधान वाटते. ते वाचल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही.

अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदान-पुस्तिकेतही हाच गोंधळ होता. १९८०च्या आवृत्तीत ट्रान्स व्यक्तींचे पोटप्रकार त्यांच्या लैंगिक पूर्वेतिहासावरून पाडले होते आणि 'समलिंगी' हा शब्द जन्माच्या शरीराकडे बोट दाखवून वापरला होता. त्या हिशेबाने मी भिन्नलिंगी ठरलो असतो. १९९४ मध्ये ते शब्द गेले आणि ओढा पुरुषांकडे, स्त्रियांकडे, दोघांकडे की कोणाकडेच नाही, एवढीच सरळ नोंद उरली. २०१३ मध्ये तीही काढण्यात आली. २०१५ साली अमेरिकेत २७ हजारांहून अधिक ट्रान्स व्यक्तींची पाहणी झाली, त्यात स्वतःला भिन्नलिंगी म्हणवणारे सुमारे १५ टक्केच निघाले. जगाच्या चाकोरीत बसण्यासाठी हे सगळे केले जात असते, तर हा आकडा इतका लहान राहिला नसता.

आपल्या शब्दांचीही थोडी अडचण आहे. व्याकरणातले लिंग, स्त्री-पुरुष हा भेद आणि शरीराचा अवयव या तिन्हींसाठी आपण एकच शब्द राबवतो, त्यामुळे 'समलिंगी' म्हटले की ऐकणाऱ्याचे मन थेट शरीराकडे धावते. 'उभयलिंगी' हा शब्द तर स्त्री-पुरुष दोघांकडे ओढा असलेल्या माणसाला लावतात आणि शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात गांडुळालाही लावतात. गांडुळाने तक्रार केल्याचे ऐकिवात नाही, माणसांनी मात्र करायला हवी. शिवाय जी व्यक्ती स्वतःला स्त्रीही मानत नाही आणि पुरुषही, तिच्या बाबतीत 'सम' कोणाशी आणि 'भिन्न' कोणापासून? अशा वेळी "मला पुरुष आवडतात" किंवा "मला स्त्रिया आवडतात" असे सरळ सांगणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

जोडीदारांच्या बाबतीत तर माझा नियमही अपुरा पडतो. माझ्या परिचयातील एका बाईंची जोडीदार लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी ट्रान्स स्त्री म्हणून जगू लागली. दोघी एकत्रच राहिल्या. लोक आता त्यांना लेस्बियन म्हणतात आणि त्या शांतपणे नकार देतात: "मी होते तशीच आहे, फक्त हिला सोडणार नाही." अगदी अशाच परिस्थितीतील दुसऱ्या एका बाईंनी तो शब्द आनंदाने स्वीकारला. कोणाचे चुकले, असे मला विचारू नका. नियमाने ठरणारे नाव हा आपला अंदाज असतो, आणि ज्याचे नाव आहे त्याने दुसरे सांगितले की अंदाज मागे घ्यायचा. काहींचा ओढा संक्रमणाच्या, म्हणजे आपल्या लिंगभावाप्रमाणे जगू लागण्याच्या, काळात बदलतोही. माझा बदलला नाही, पण म्हणून त्यांचा खोटा ठरत नाही.

या नावांवर भलताच भार टाकला की काय होते, ते मी दवाखान्यात पाहिले आहे. एका डॉक्टरांनी फॉर्मवर 'समलिंगी पुरुष' वाचले आणि गर्भधारणेविषयी एक अक्षरही विचारले नाही. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या उपचाराने पाळी थांबली तरी ते गर्भनिरोधक नव्हे, आणि गर्भाशय असलेल्या माझ्यासारख्याला हे कोणीतरी सांगायला हवे होते. मला ते नंतर, दुसरीकडे कळले. तिथल्या डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवून विचारले, की कोणते अवयव आहेत, कोणते काढले आहेत, संबंध कोणाशी आणि कशा प्रकारे येतात. मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. लैंगिक कलाचा रकाना आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले, "इथे तुम्हाला काय लिहायचंय ते लिहा," असे म्हणून फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि रक्तदाब मोजायला पट्टा गुंडाळू लागल्या.