तुमचा बँड परत कधी?

कॉलेजच्या दिवसांतलं कुणीही भेटलं की चौकशी संपता संपता हे येतंच: "काय रे, तुमचा बँड परत कधी?" लग्नाच्या पंगतीत, एकदा तर बँकेच्या रांगेत. मी हसून टाळतो. पण आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो, आणि त्यासाठी आधी कराचीला जाऊन यावं लागेल.

कराचीतल्या चार कॉलेजकुमारांनी १९८८ मध्ये 'स्ट्रिंग्ज' हा बँड काढला. दोन अल्बम झाले, दुसऱ्यातलं 'सर किये ये पहाड' गाजलं, आणि ऐन भरात, १९९२ मध्ये, पोरं शिकायला पांगली. बँड संपला. पुढे आठेक वर्षांनी बिलाल मकसूद आणि फैसल कपाडिया हे दोघंच परत आले, 'दूर' हा अल्बम घेऊन.

मला तो एका मित्राने टीडीकेच्या ६० मिनिटांच्या कॅसेटवर भरून दिला होता. बाजू संपता संपता एक गाणं अर्ध्यातच तुटायचं. आजही फोनवर ते लागलं की त्या जागी माझा कान 'खटक्' ऐकायला थबकतो. तेव्हा आम्ही गणपती मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये तालीम करायचो. शीर्षकगीत पहिल्यांदा ऐकलं आणि आमचा ड्रमर म्हणाला, "हे परत आलेले वाटतच नाहीत रे, आत्ताच निघालेत." अगदी खरं. कुठेही वय लपवायचा आटापिटा नाही. फैसलचा आवाज मोकळा, गिटार पुढे, आणि शब्दांना उर्दूची चव. ती घरचीच होती म्हणा, बिलालचे वडील म्हणजे लेखक अन्वर मकसूद. आमच्या गाण्यांचे शब्द मी लिहायचो, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

चौघांचे दोघं झाले तरी तो खड्डा त्यांनी जुन्या आठवणींनी भरला नाही. २००३ मध्ये 'धानी' आला. मग 'जिंदा' या हिंदी सिनेमात गाणं, पाठोपाठ 'शूटआउट ॲट लोखंडवाला'तलं 'आखरी अलविदा'. १९९१ साली अंधेरीत झालेल्या चकमकीवरचा सिनेमा आणि त्यात कराचीकरांचा गळा! कामच तसं होतं, म्हणून बोलावणं आलं.

आता आमचं. दोन वर्षांपूर्वी आम्ही पाचही जण जमलो होतो. बेसवाल्याच्या गच्चीवर, अँपसकट. तीच नऊ गाणी, सगळी दुसऱ्यांची. पहिल्या तीनला अंगावर काटा आला, सहाव्याला मी घड्याळ पाहिलं. मध्येच कीबोर्डवाल्याने विचारलं, "नवीन काही आहे का कुणाकडे?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तेवढ्यात खालून भजी आली आणि सुटलो. फोटो मात्र झकास आले. ते बघूनच तुम्ही विचारताय, ठाऊक आहे मला.

२५ मार्च २०२१ ला 'स्ट्रिंग्ज'ने थांबत असल्याचं जाहीर केलं. ३३ वर्षांनी. बातमी आमच्या ग्रुपवर ड्रमरनेच टाकली होती.

परवा त्याचाच मेसेज आला, दिवाळीत वाजवायचं का म्हणून. मी विचारलं, "काय वाजवायचं?"

दोन निळ्या खुणा दिसतायत. उत्तर अजून नाही.