अ‍ॅरिझोनावरचा तवंग

हवाईचे पाच दिवस म्हणजे वायकिकीचा बीच, गर्दी, महाग जेवण, एवढंच. मला लिहायचंय ते पर्ल हार्बरच्या अर्ध्या तासाबद्दल.

बोटीने अ‍ॅरिझोना मेमोरियलवर सोडतात, अ‍ॅरिझोना या बुडालेल्या अमेरिकन युद्धनौकेवर आडवं बांधलेलं पांढरं स्मारक. वाकून बघितलं तर खाली गंजलेलं लोखंड, आणि त्यातून एक काळा थेंब हळूहळू वर येतो, पाण्यावर पोचला की फुटून पसरतो, पावसात पेट्रोल पंपासमोर दिसतो तसा जांभळा-हिरवा तवंग. मग दुसरा थेंब. आई एकदम म्हणाली, "अगं, अजून गळतंय?" हो, अजून गळतंय, कारण जपानने पर्ल हार्बरवर केलेल्या हल्ल्याच्या आदल्याच दिवशी, 6 डिसेंबर 1941 ला, जहाजात तेल भरलं होतं.

ते तेल माझ्या डोक्यातून जाईना, कारण जपान-अमेरिकेचं भांडणही तेलावरूनच पेटलं ना. जपान 1937 पासून चीनमध्ये लढत होता, जुलै 1941 मध्ये दक्षिण इंडोचायनात (आजचा व्हिएतनाम-कंबोडियाचा भाग) घुसला तेव्हा अमेरिकेने तेल तोडलं, आणि जपानचं बहुतेक तेल तिथूनच यायचं. मग डच ईस्ट इंडीजमधलं (आजच्या इंडोनेशियातलं) तेल घ्यायचं तर अमेरिकन आरमार आडवं यायला नको, म्हणून जपानी अ‍ॅडमिरल यामामोटोचा प्लॅन, सहा विमानवाहू जहाजं, साडेतीनशे विमानं, रविवारची सकाळ. अमेरिकनांना रडारवर ती विमानं दिसलीसुद्धा होती, पण आपलीच येतायत समजून सोडून दिलं, हे वाचून जीव नुसता तळमळतो. 2403 माणसं गेली, त्यातली 1177 एकट्या अ‍ॅरिझोनावरची. आणि एवढं करून बंदरातल्या तेलाच्या टाक्या तशाच उभ्या राहिल्या, दुरुस्तीची गोदी शाबूत राहिली, अमेरिकेची विमानवाहू जहाजं तर त्या दिवशी बंदरात नव्हतीच. सहा महिन्यांनी मिडवेच्या समुद्री लढाईत त्याच सहातली चार जपानी जहाजं बुडाली. आणि इकडे अमेरिकेत जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास माणसांना घरादारातून उठवून छावण्यांत कोंडलं, त्यात कितीतरी तिथेच जन्मलेले नागरिक, हे मला आजही पचत नाही.

आतल्या संगमरवरी भिंतीवर नावं आहेत. एक ग्रुप तिथे हसत सेल्फी काढत होता, खूप राग आला. आई मात्र चष्मा पुसून एकेक ओळ वाचत होती. "हे बघ, परत तेच आडनाव." अ‍ॅरिझोनावर सख्खे भाऊ बरेच होते, 23 घरांतले भाऊ एकत्र गेले. बँडचे सगळे 21 जण गेले. वाचलेल्यांपैकी चाळीसहून जास्त जणांनी म्हातारपणी सांगून ठेवलं, आमच्या अस्थी त्याच जहाजात ठेवा, आणि डायव्हर्सनी कलश खाली नेऊन ठेवले. मी हे सांगितल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही.

परतीची बोट लागली, लोक रांगेत उभे राहिले. मी हाक मारली तर आई भिंतीकडे बघतच म्हणाली, "थांब जरा, एवढ्या दोन ओळी राहिल्यात."