पाच तोळ्यांचा मासा

गणेश पेठेच्या मासळी बाजारातला चांगला भरलेला बांगडा तळहातावर ठेवा. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत पुरून वर थोडी शेपटी उरते. आठ इंची स्विमबेट, म्हणजे गळ लावलेला माशाच्या आकाराचा नकली मासा (लूर), नेमका एवढाच असतो. बांगडा तव्यावर जातो, आणि हा रबराचा किंवा रेझिनचा मासा पाण्यात फेकायचा, तोही दुसऱ्या माशाने गिळावा म्हणून. गिळणाऱ्याचं नाव लार्जमाउथ बास. नावातच तोंड आहे: त्याच्या वरच्या जबड्याचं टोक डोळ्याच्याही मागे जातं. तो लचके तोडत बसत नाही. तोंड उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो.

हा मासा आपल्याकडचा नाही. खडकवासल्यात, उजनीत मरळ मिळेल, चिलापी मिळेल. बास अमेरिकेचा, आणि तिथून नेलेला जपानच्या बिवा सरोवरातला. पण पुण्यातल्या सोसायटीत दर मजल्यावर कोणाचा तरी मुलगा नाहीतर भाची तिकडे असते. जाताना बॅगेतून बाकरवडी जाते, येताना क्वचित एखादा लूर येतो. बहुतेक वेळा चुकीचा.

चूक होते ती लांबी पाहून घेतल्यामुळे. मोठ्या लुरांचं वेड दक्षिण कॅलिफोर्नियात वाढलं, आणि त्याला कारण होतं. 1959 मध्ये फ्लोरिडा जातीचे बास सॅन डिएगोकडे आणले गेले. तिकडच्या तलावांत गळवाल्यांसाठी थंडीच्या दिवसांत रेनबो ट्राउट मासे सोडायची पद्धत. बासला ही आयती पंगतच मिळाली. ट्राउट खाऊन ते पोसले, मग लोकांनी ट्राउटच्या मापाचे लूर करायला घेतले. म्हणजे माप ठरवलं तिथल्या ताटाने. ज्या तळ्यात बासचं रोजचं खाणं चार इंची शॅड मासा आहे, तिथे दहा इंची ट्राउट फिरवणं म्हणजे वरण-भात जेवणाऱ्यापुढे एकदम बासुंदीचं पातेलं ठेवणं. एखादा खाईलही, बाकीचे नुसते बघून जातील. (जागतिक विक्रमाची गोष्ट निराळी. जॉर्ज पेरी यांनी 1932 मध्ये जॉर्जियात 22 पौंड 4 औंसांचा बास धरला. 2009 मध्ये बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांचा मासा त्याहून जेमतेम औंसभर जड भरला, म्हणून दोघांचा विक्रम बरोबरीचा धरतात. कुरिता यांच्या गळाला जिवंत ब्लूगिल मासा होता. लूरच्या डबीवर हे छापलेलं नसतं.)

लांबी बाजूला ठेवा आणि वजन बघा. डबीवर वजन औंसात असतं. एक औंस म्हणजे 28 ग्रॅमच्या किंचित वर. दोन औंसांचा लूर म्हणजे 57 ग्रॅम, लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफांच्या जुन्या भाषेत जवळजवळ पाच तोळे (तोळा 11.66 ग्रॅमचा). नवशिक्याने इथेच, दोन औंसांच्या आसपास, थांबावं असं माझं ठाम मत आहे. लूरच्या नावातला आकडा बहुधा मिलिमीटरचा असतो: एस-वेव्हर 168, जॉइंटेड क्लॉ 178, स्लाइड स्विमर 250. 178 वरून 250 वर गेलं की लांबी 1.4 पट होते, आणि मनाला वाटतं, थोडाच तर मोठा आहे. पण उंची आणि जाडीही त्याच प्रमाणात वाढली तर वजन पावणेतीन पट होतं. पाच तोळ्यांचे तेरा-चौदा तोळे. हे तेरा तोळे दिवसभरात दोनशे वेळा फेकायचे आहेत, हे दुकानात आठवत नाही, खांद्याला संध्याकाळी आठवतं.

लूर घरी आणल्यावर ओट्यावरच्या काट्यावर गळ आणि कड्यांसकट ठेवून बघावा. मग रॉडच्या, म्हणजे गळाच्या काठीच्या, मुठीजवळ काय लिहिलंय ते वाचावं. नेहमीच्या बास रॉडवर पाव ते पाऊण औंस असं काहीसं असतं. त्यावर दोन औंस लावून जोरात फेकलं तर टोक मोडतं. मोडलं नाही तरी काठी पिळवटते आणि लूर दहा हातांवर पडतो. साडेसात ते आठ फुटांची, 1 ते 4 औंसांची हेवी रॉड हवी, आणि तिच्यावर लूर दोन-अडीच औंसांचा. शेवटच्या आकड्यापर्यंत जायचंच नाही.

फेकायचं कसं, हे ज्वारीच्या शेतात पाखरं हाकणाऱ्याला लगेच समजेल. गोफण झटक्याने चालत नाही, वजन मागे पूर्ण झुलू द्यावं लागतं. तसंच दोन्ही हातांनी, लूर टोकाखाली फूट-दीड फूट लोंबता ठेवून, काठी वाकल्याचं जाणवलं की सावकाश पुढे. स्पूलवर, म्हणजे रिळातल्या लाइन गुंडाळलेल्या चाकावर, अंगठा हवाच. अंगठा चुकला आणि स्पूल मध्येच गुंतून थांबला तर काडकन आवाज येतो आणि लूर एकटाच पुढच्या प्रवासाला जातो. लाइन 20 ते 25 पौंडांची मोनो (एकाच नायलॉन तंतूची) घ्यावी आणि लूरजवळची हातभर लाइन बोटांतून ओढून पाहावी. खरखर लागली की तेवढी कापून गाठ पुन्हा मारावी. सराव पुण्यातच करता येतो: मोकळं मैदान, आणि लूरऐवजी कापडात गुंडाळलेलं तेवढ्याच वजनाचं शिसं. मात्र सकाळी फिरायला येणारे काका मंडळी येण्याआधी.

आता प्रकार. पृष्ठभागावर लाटा काढणारे आणि पाच-सहा सांध्यांचे वळवळणारे लूर सध्या राहू द्या. खरा प्रश्न दोघांतच: मऊ रबरी, वल्ह्यासारख्या शेपटीचा, की मधोमध एकच सांधा असलेला ग्लाइडबेट. मऊ लूर सोपा. शेपटी हलेल इतक्या सावकाश रीळ फिरवत राहायचं, बस. त्यात बुडण्याचा वेग मात्र बघून घ्यावा. हडलस्टन कंपनीच्या ट्राउट लूरवर आरओएफ (रेट ऑफ फॉल) 5 किंवा 12 असा आकडा असतो, म्हणजे दहा सेकंदांत तेवढे फूट खाली. सहा फूट पाण्यात 12 वाला टाकून चहाचा घोट घेतलात, की लूर तळाच्या फांद्यांत.

ग्लाइडबेट मला जास्त आवडतो, कारण तो तुमच्या हाताचं ऐकतो. रिळाचा अर्धा फेरा, मग थांबा. तो एका बाजूला सरकतो. पुन्हा अर्धा, दुसऱ्या बाजूला. फेरा देऊन लगेच लाइन थोडी ढिली सोडायची, नाहीतर तो वळायच्या आत ओढला जातो आणि फळकुटासारखा सरळ येतो. काठाजवळच्या स्वच्छ पाण्यात, डोळ्यांसमोर हा ठेका सापडेपर्यंत दूर फेकण्यात अर्थ नाही.

त्याची पहिली परीक्षा घरच्या पिंपात घ्यावी. पुण्याच्या बहुतेक नळांना धरणाचंच पाणी येतं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. हळू बुडणारा ग्लाइडबेट आडवा, पाळण्यासारखा खाली गेला पाहिजे. नाक आधी गेलं तर पुढचा गळ जड आहे, शेपटी गेली तर मागचा. गळ बदलताना हीच गफलत होते. एक बारकावा मात्र हमखास सुटतो. मे महिन्यात पिंपातलं पाणी 30 अंशांवर असतं, तिकडच्या थंडीतलं तळं 10 अंशांवर, आणि ते थंड पाणी सुमारे 0.4 टक्के जड. 57 ग्रॅमच्या लूरला त्याने पाव ग्रॅमच्या आसपास जास्तीची उचल मिळते. पिंपात मधेच तरंगणारा लूर तिथे वर येऊन लोळायला लागतो. उपाय म्हणून पोटावर, पुढच्या गळाच्या आसपास, शिशाच्या चिकटपट्टीचे तुकडे नखाएवढे कापून लावायचे. एकेक लावत जायचं, एकदम नाही.

गळ नखावर टेकवून सरकवावा. नुसता घसरला तर बोथट, अडकला तर ठीक. आणि मासा मागोमाग येऊन परत गेला म्हणून लूर बदलायची घाई नको. मोठ्या लूरमागे नुसतं बघायला येणारे बास खाणाऱ्यांपेक्षा पुष्कळ जास्त असतात. ते कुठून निघाले, कुठे वळले हे लक्षात ठेवावं.

मऊ लूर त्याच्या मूळ साच्याच्या डबीतच ठेवावा. वेगवेगळ्या कंपन्यांचे रबर एकमेकांना चिकटून ठेवले तर कधी कधी विरघळून लगदा होतो, आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवला तर शेपटी वाकडी होते. वाकडी शेपटी उकळीला आलेल्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून, सरळ धरून, थंड पाण्यात घालावी, ती पुन्हा चालायला लागते. आधणाचं पातेलं मात्र चहाचं घेऊ नये.