नदी उजव्या हाताला

व्हिसा आला त्या दिवशी आमच्या घरात पंखे लावून गाद्या वाळवायचं काम चाललं होतं. २०२४ च्या ऑगस्टचा शेवटचा आठवडा बडोदेकरांना वेगळा सांगायला नको. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट. त्या वेळी ती ३५ च्या वर गेली आणि मुजमहुड्याच्या आमच्या घरात कमरेइतकं पाणी शिरलं. सोसायटीच्या ग्रुपवर मगरींचे व्हिडिओ फिरत होते, त्यातले काही आमच्याच गल्लीतले. माझी जर्मनीची बॅग माळ्यावर होती म्हणून वाचली. पाणी उतरल्यावर पप्पांनी हॉलच्या भिंतीवर पेन्सिलीनं एक रेघ मारली. "इन्शुरन्सवाल्याला दाखवायला," म्हणाले. इन्शुरन्सवाला काही आला नाही, रेघ राहिली.

मी सिव्हिलची विद्यार्थिनी. एका सेमिस्टरसाठी ड्रेस्डेनला निघाले होते. आजीला सांगितलं, तिथे एल्ब नावाची नदी आहे.

"पूर येतो का गं?"

"येतो. २००२ मध्ये ९ मीटर ४० सेंटीमीटरपर्यंत पाणी चढलं होतं."

"मग बरंय. घरच्यासारखं वाटेल तुला."

माझी आजी नर्मदेची. दरवर्षी गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीला जाणार म्हणजे जाणार. पायी परिक्रमा करायची तिची फार इच्छा होती, पण गुडघ्यांनी नाही म्हटलं. शेवटी बसनं करून आली आणि ती परिक्रमा ती स्वतःच 'अर्धी' धरते. तिनं निघताना केशराची डबी दिली आणि परिक्रमेतलीच एक अट घातली: जिथे जाशील तिथे नदी उजव्या हाताला ठेव. आणि ओलांडायची नाही.

अट पहिल्याच दिवशी मोडली. माझं हॉस्टेल उत्तरेच्या काठावर, कॉलेज दक्षिणेच्या. रोज सकाळी ट्राममधून नदी ओलांडायची, संध्याकाळी परत. व्हिडिओ कॉलवर कबूल केलं तर आजी म्हणाली, "परिक्रमा म्हणू नकोस मग. फेरफटका म्हण."

मी पोचले सप्टेंबरच्या शेवटी. त्याआधी ११ सप्टेंबरला पहाटे तीनच्या सुमाराला ड्रेस्डेनचा कॅरोला पूल कोसळला होता. पूल १९७१ चा, प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा, म्हणजे आत ताणलेल्या पोलादी तारा असलेला. त्यातला ट्रामचे रूळ असलेला सुमारे १०० मीटरचा भाग नदीत पडला. शेवटची ट्राम काही मिनिटांपूर्वीच गेली होती, कोणाला खरचटलंही नाही. पुढच्याच आठवड्यात नदी सहा मीटरच्या आसपास फुगली. मी पाहिलं तेव्हा पूर ओसरला होता आणि तुटलेला तुकडा पाठ मोडलेल्या म्हशीसारखा पाण्यात बसला होता. वर्गात, कँटीनमध्ये, ट्राममध्ये दुसरा विषय नाही. आतल्या पोलादी तारांना गंज लागून बारीक भेगा पडत गेल्या होत्या, बाहेरून काही कळत नव्हतं. ज्या गोष्टी आपण पुस्तकात दोन मार्कांसाठी पाठ करतो, त्या अशा नदीत पडलेल्या दिसल्या की पोटात गोळा येतो.

याच शहरात हुबर्ट एंगेल्स नावाच्या प्राध्यापकानं १८९८ मध्ये नद्यांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारली होती. तशी कायमस्वरूपी प्रयोगशाळा त्याआधी नव्हती. नदी छोटी करून खोलीत आणायची आणि वाळू कुठे साचते ते बघायचं. आमच्या हायड्रॉलिक्सच्या लॅबमधला पंप वर्षातून आठ महिने 'रिपेरिंगमां' असतो, ते आठवलं.

पण मला सगळ्यात जास्त कशानं धरून ठेवलं असेल तर एल्बच्या दोन्ही काठांवरच्या कुरणांनी. भर शहरात, राजवाडे आणि चर्चच्या समोर, शेकडो मीटर रुंद नुसतं गवत. ना घर, ना मॉल, ना 'रिव्हरफ्रंट'. लोक पतंग उडवतात, कुत्री फिरवतात, आणि पूर आला की ती सगळी जागा नदीची. मला वाटलं बाग असेल. वर्गातल्या मुलीनं सांगितलं, बाग नाही, नदीची जागा आहे. दोन मोठे पूर तरीही शहरात शिरले, तेव्हा अगदी जादू आहे असं नाही. पण बडोद्यात अकोट्याच्या पुलावरून खाली विश्वामित्रीकडे बघताना पात्राला चिकटून उभी असलेली बांधकामं मला लहानपणापासून इतकी नेहमीची, की नदीला जागा लागते हे मी तिथे, गवतात बसून, बटाकाभाजी आणि ब्रेड खाताना पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

('बटाका'वरून आठवलं. हॉस्टेलमध्ये एक पुण्याचा मुलगा होता. त्यानं आठ दिवस माझं मराठी तपासलं. "तू 'बटाका' का म्हणतेस?" दसऱ्याला मी क्वार्कचं श्रीखंड केलं. क्वार्क म्हणजे जवळजवळ चक्काच, थोडा वेळ फडक्यात टांगला की काम झालं. आजीचं केशर घातलं. तीन वाट्या संपवल्यावर त्याचं भाषाशुद्धीचं काम थंडावलं.)

फीमध्येच देशभराच्या साध्या गाड्यांचा पास मिळत होता. जलद गाड्या त्यात नाहीत, म्हणजे वेळ भरपूर आणि पैसे शून्य असलेल्या माणसासाठीच बनवलेला पास. दिवाळीआधीच्या शनिवारी राटेनला गेले. गाडी एल्बच्या डाव्या काठानं, प्रवाहाच्या विरुद्ध जाते, म्हणजे नदी डाव्या हाताला. यावर मी उपाय काढला: उलट्या तोंडाच्या सीटवर बसले. आता नदी उजवीकडे. आजीनं हे मान्य केलं, जरा हसून.

राटेनला सगळे जातात ते बास्टायच्या दगडी पुलासाठी. १८५१ चा पूल, नदीपासून १९४ मीटर उंचावर, सुळक्यांच्या मध्ये. सुंदर आहे, फोटो सगळीकडे आहेत, मी काय नवीन सांगणार. मी मात्र तासभर खाली नावेपाशी होते. ही नाव इंजिनाशिवाय नदी ओलांडते. वरच्या अंगाला नदीत नांगरलेली लांब तार आणि तिच्या टोकाला नाव. नावाडी नाव प्रवाहाला जरा तिरपी धरतो आणि पाणीच तिला ढकलत पलीकडे नेतं. परत यायचं तर तिरपेपणा दुसऱ्या बाजूला. पतंगाच्या मंगळसूत्राचं, म्हणजे मांजा बांधतो त्या दोरीचं, गणित आहे अगदी, फक्त वाऱ्याऐवजी पाणी. मी चार वेळा इकडून तिकडे गेले. चौथ्या वेळी नावाड्यानं जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. मी म्हटलं, इंजिनिअरिंग. त्याला उत्तर पुरलं.

थोडं पुढे बाड शांडाऊमध्ये घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा आहेत. १८४५, २००२, २०१३, प्रत्येक रेघेशेजारी साल. लोक शेजारीच खुर्च्या टाकून कॉफी पितात. मी फोटो काढून पप्पांना पाठवला. त्यांचा फक्त अंगठा आला.

नोव्हेंबरात सीमा ओलांडून चेक बाजूच्या द्येचीनला गेले. तिथे नदीचं नाव लाबे. परतीच्या गाडीत पोलिसांनी पासपोर्ट, व्हिसा, कॉलेजचं कार्ड सगळं पाहिलं, माझ्या डब्यातला लीला चिवडासुद्धा जरा संशयानं पाहिला. द्येचीनला जायचं कारण एक दगड. 'भुकेचा दगड' म्हणतात. दुष्काळात नदी फार खाली गेली की तो उघडा पडतो, आणि लोकांनी त्यावर साल कोरून ठेवलंय. वाचता येण्यासारखं सर्वात जुनं साल १६१६. त्यावर जर्मनमध्ये लिहिलंय, मला पाहिलंस तर रड. मी गेले तेव्हा पाणी चांगलं होतं, दगड बुडालेला. दोन तास थंडीत उभी राहून मी नुसतं पाणी बघून आले.

"दिसला नाही?" आजी म्हणाली. "बरं झालं. रडायला नको."

ख्रिसमसच्या बाजारांवर इतकं लिहिलं गेलंय की मी सोडते. एवढंच, की ड्रेस्डेनचा बाजार १४३४ पासूनचा आहे आणि तिथे पाय फार गार पडतात.

लेक्चर फेब्रुवारीत संपली तेव्हा ठरवलं, एल्बच्या मुखापर्यंत जायचं. वाटेत माग्डेबुर्गजवळ ९१८ मीटर लांबीचा जलसेतू पाहिला, २००३ चा. खालून एल्ब आणि वरून कालव्यातून मालवाहू जहाज. आपला नर्मदेचा मुख्य कालवाही महीवरून जलसेतूनंच जातो, पण त्यावरून जहाज जाताना बघणं म्हणजे कोणीतरी विटीदांडूत सिक्सर मारल्यासारखं. पुढे साध्या गाड्यांनी हॅम्बुर्ग. जर्मन गाड्या वेळेवर धावतात हे ज्यानं सांगितलं त्याला शोधतेय. उल्त्सेनला २५ मिनिटांच्या उशिरानं पुढची गाडी चुकली. पण नशीब बघा, ते स्टेशन हुंडर्टवासर या कलाकाराच्या कल्पनेतून सजवलेलं, रंगीत फुगीर खांबांचं. तासभर खांबच बघितले.

हॅम्बुर्गला १९११ चा जुना बोगदा आहे. लिफ्टनं २४ मीटर खाली उतरायचं आणि ४२६ मीटर नदीखालून चालायचं. भिंतीवर पांढऱ्या फरश्या, मधूनमधून मासे आणि खेकड्यांची नक्षी. अर्ध्यात थांबून आजीला फोन लावला, रेंज नाही. वर आल्यावर विचारलं, खालून ओलांडली तर चालतं का? आजी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "शास्त्रात काही लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्यांना सुचलं नसेल."

कुक्सहाफेनला वारा असा, की ओढणी मफलर झाली. बंधाऱ्यावरून समुद्राकडे चालत गेलं की पाणी उजव्या हाताला राहतं, हे मी आधीच नकाशात बघून ठेवलं होतं. पलीकडचा काठ दिसतच नाही. शेवटी कुगलबाके नावाचा लाकडी मनोरा आहे, तिथे एल्ब संपली असं मानतात. नर्मदेच्या मुखाशी परिक्रमावासी विमलेश्वराहून नावेत बसून मिठीतलाईला जातात. तिथे नदी नाही, समुद्र ओलांडायचा, म्हणून नियम मोडत नाही. इथे नाव नव्हती. मी १०० मिलिलिटरची शांपूची बाटली धुऊन त्यात पाणी भरलं, विमानात तेवढंच चालतं.

मार्चमध्ये घरी आले. आजीनं पाणी तुळशीला घालायला घेतलं, मग चाखून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि बाटली देवघरात नर्मदेच्या तांब्याशेजारी ठेवून दिली. झाकणावर तिच्या अक्षरात चिकटपट्टी: एल्बामाई.

त्याच आठवड्यात रंगारी आला. हॉलची भिंत घासायला घेतली आणि पेन्सिलीच्या रेघेशी थांबला. "बेन, आ डाघ रहेवा देवानो?"

मी त्याच्याकडून निळा ऑइलपेंट आणि बारीक ब्रश मागून घेतला, पप्पांनी पट्टी धरली, आणि रेघेशेजारी लिहिलं: ऑगस्ट २०२४.