तुम्ही विचारलंत म्हणून: डीसी जमतं, मग एसीत का अडतं?

नागपुरात डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रिकल शिकवायचं म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. "मॅडम, डीसीचे गणितं पटापट सुटते, एसी आलं का काऊन अडते जी? किरचॉफ तिथं चालत नाही का?" त्यांचे आईबाबाही फोन करून हेच विचारतात. म्हणून एकदा नीट लिहिते. (डीसी म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा करंट, एसी म्हणजे सतत दिशा बदलणारा.)

किरचॉफ चालतो, शंभर टक्के चालतो. 1845 मध्ये, स्वतः विद्यार्थी असताना ह्या जर्मन शास्त्रज्ञानं मांडलेले दोन्ही नियम (जोडावर जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर जातो, आणि वाटेतल्या व्होल्टेजची बेरीज सप्लायइतकी भरते) एसीतही तेच आहेत. मेश, नोडल, थेवेनिन ह्या सर्किट सोडवायच्या रीतीही त्याच. बदलते ती फक्त बेरीज करायची रीत.

प्रॅक्टिकलला मी एक जोडणी मुद्दाम करून घेते. 600 ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर, त्याच्याशी सिरीजमध्ये 4 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, आणि सप्लाय 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. मीटर रेझिस्टरवर 138 च्या आसपास दाखवतो, कॅपॅसिटरवर 184 च्या. मिळून 322. सप्लाय पुन्हा मोजला तरी 230 च! इथे हमखास कुणीतरी दुसरा मीटर घेऊन येतं.

मीटरमध्ये बिघाड नसतो. तो 'किती' ते सांगतो, 'केव्हा' ते सांगत नाही. करंट शिखरावर असतो तेव्हा रेझिस्टरवर 196 व्होल्ट असतात आणि नेमक्या त्याच क्षणी कॅपॅसिटरवर शून्य. पाव सायकल, म्हणजे 5 मिलिसेकंद जाऊ द्या. करंट शून्यावर येतो, रेझिस्टरवर काहीच उरत नाही आणि कॅपॅसिटरवर 260 व्होल्ट झालेले असतात. कुठलाही एक क्षण पकडा, त्या क्षणीची दोघांची बेरीज सप्लायच्या त्या क्षणीच्या व्होल्टेजइतकीच भरते. किरचॉफ कुठेच मोडत नाही. पण दोघांची शिखरं एका वेळी येत नाहीत, म्हणून मीटरवरचे आकडे सरळ मिळवता येत नाहीत, ते काटकोनात मांडावे लागतात. 138 चा वर्ग अधिक 184 चा वर्ग, त्याचं वर्गमूळ काढा. बरोबर 230 येतं.

डीसीत हा 'केव्हा' विचारावाच लागत नाही. सर्किट स्थिरावलं की कॉइल म्हणजे नुसती तार, कॅपॅसिटर म्हणजे तुटलेली वाट, आणि उरतात ते रेझिस्टर. म्हणून डीसी सोपं वाटतं.

आता मुलं ज्याला घाबरतात तो 'जे', म्हणजे वजा एकचं वर्गमूळ. 1893 मध्ये शिकागोच्या विद्युत परिषदेत चार्ल्स स्टाइनमेट्झ ह्या विद्युत अभियंत्यानं एसीची गणितं कॉम्प्लेक्स नंबरनं सोडवायची रीत मांडली. त्या रीतीत 'जे'नं गुणणं म्हणजे व्होल्टेज किंवा करंट दाखवणारा बाण (त्यालाच फेजर म्हणतात) 90 अंशांनी फिरवणं, बास. कॉइलला अधिक 'जे', कॅपॅसिटरला वजा 'जे'. वरच्या जोडणीचा इम्पिडन्स, म्हणजे एसीला होणारा एकूण अडथळा, झाला 600 वजा 'जे' 796. 'किती' आणि 'केव्हा' दोन्ही एकाच संख्येत बसले, की पुढचं गणित डीसीसारखंच सुटतं. आरएलची सूत्रं वेगळी, आरसीची वेगळी, आरएलसीची वेगळी (आर म्हणजे रेझिस्टर, एल म्हणजे कॉइल, सी म्हणजे कॅपॅसिटर) असं पाठ करून घेण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. मुलाला तीन सूत्रं येतात आणि चौथी जोडणी समोर आली की तो थांबतो. कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधी फेजर आकृती काढा, मग ती कच्ची असली तरी चालेल. उत्तर कुठल्या बाजूला येणार ते तिथेच दिसतं.

हे फक्त परीक्षेपुरतं आहे असं वाटत असेल तर आपल्या कूलरकडे बघा. मे महिन्यात मोटर नुसती घूंऽऽ करते आणि पंखा फिरत नाही, हे नागपुरात कुणी पाहिलेलं नाही? बऱ्याचदा दोष कॅपॅसिटरचा असतो. एकाच वाइंडिंगला एसी दिलं तर चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी कमी-जास्त होतं, ते फिरत नाही. म्हणून मोटरमध्ये दुसरं वाइंडिंग असतं आणि त्याच्याशी सिरीजमध्ये कॅपॅसिटर. त्यामुळे दुसऱ्या वाइंडिंगचा करंट पहिल्याच्या पुढे सरकतो, आणि वेळेच्या ह्या फरकामुळेच पंखा सुरू होतो.

त्याच कॅपॅसिटरवर बहुधा 440 व्होल्ट छापलेलं असतं, आणि "घरात तर 230 च येते ना मॅडम?" हे ओघानं येतंच. वाइंडिंगचं व्होल्टेज आणि कॅपॅसिटरचं व्होल्टेज बरंचसं एकमेकांच्या विरुद्ध असतं. त्यामुळे त्यांची फेजर बेरीज 230 राहते, पण एकट्या कॅपॅसिटरवर त्याहून बरंच जास्त येतं. कमी व्होल्टेजचा स्वस्त कॅपॅसिटर बसवला की तो लवकर जातो, त्याचं कारण हे. (आणि प्लग काढल्याशिवाय कूलरमध्ये हात घालू नका. प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असू शकतो.)

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. फेजर चालतात ते सगळं एकाच फ्रिक्वेन्सीवर असेल आणि सर्किट स्थिरावलं असेल तेव्हाच. कूलरचं बटण दाबल्यावरचे पहिले काही क्षण त्यात बसत नाहीत. तिथे डिफरेन्शियल इक्वेशनच मांडावं लागतं, आणि ते डीसीच्या सर्किटलाही चुकलेलं नाही.